आता या वयात रूट कॅनाल कशाला?

प्रश्न : माझं वय 76. खालच्या डाव्या बाजूची मोठी दाढ खूप वर्षांपूर्वी किडली होती, तेव्हा तिच्यात सिमेंट भरलं होतं. गेले काही महिने तिच्याजवळ हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, तोंडात खारट चव येते आणि पुटकुळी बसते. दुखत मात्र अजिबात नाही. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून सांगितलं, की मुळाच्या टोकाशी पू झालाय, रूट कॅनाल करावं लागेल. पण वयामुळे आतली नळी जवळजवळ बंद दिसतेय, तेव्हा तज्ज्ञाकडे जा. मला मधुमेह आहे. आठ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. हाडं ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन देतात, तशी तीन झाली. उजवीकडे काढता-घालता येणारी कवळी आहे, त्यामुळे चावणं सगळं डावीकडेच. मुलगा म्हणतो, "दुखत नाही तर राहू दे, नाहीतर सरळ काढून टाक. या वयात तासन्‌तास तोंड उघडून कशाला बसायचं?" मैत्रिणीनं मोबाइलवर निरोप पाठवलाय, की रूट कॅनाल केलेल्या दातातून शरीरात विष पसरतं. मलाही वाटतं, आता राहिली किती वर्षं? काय करू?

उत्तर : नमस्कार काकू.

आधी थेट उत्तर देते. दाढेच्या मुळाला उभी चीर गेलेली नसेल आणि वर कॅप बसवण्याइतकी ती शिल्लक असेल, तर रूट कॅनाल करून घ्या. आणि तोवर कुणीही म्हणालं तरी ती घाईनं काढून घेऊ नका. हे मी तुमच्या हाडांच्या इंजेक्शनाकडे बघून सांगतेय. तुम्ही त्याचा उल्लेख ओघात करून पुढे गेलात, पण माझी नजर तिथेच अडकली. दंतवैद्यांना ते सांगितलं होतं का? पुष्कळ जण सांगत नाहीत. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा दाताशी काही संबंध असेल, असं सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते औषध बहुधा झोलेड्रोनिक ॲसिड असतं. फाइल काढून नाव बघून घ्या. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं, म्हणून हाडांची ताकद टिकते आणि खुबा किंवा मणका मोडण्याचा धोका कमी होतो. औषध चांगलं आहे, तुम्हाला ते हवंच आहे. पण दात काढल्यावर जबड्यात जो खड्डा राहतो, तो भरायला हाडाची जुनी झीज आणि नवी बांधणी दोन्ही नीट चालावी लागतात. ते काम मंदावलेलं असलं, की क्वचित कधी खड्डा भरतच नाही. हाड उघडं पडतं, त्यात जंतू शिरतात आणि जखम महिनोन्‌महिने चिघळत राहते. या दुखण्याच्या पहिल्या नोंदी 2003 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना हीच औषधं फार मोठ्या प्रमाणात, वरचेवर दिली जातात. खरा मोठा धोका त्यांना असतो. ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत हे क्वचितच घडतं. तरीही ज्यांच्यात घडतं, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत सुरुवात एखादा दात काढण्यापासून झालेली असते. वर तुम्हाला मधुमेह आहे, म्हणजे जखम भरायला आणखी एक अडथळा. रूट कॅनालमध्ये मुळांच्या आतल्या नळ्या स्वच्छ करून भरतात. सगळं काम दाताच्या आत चालतं, हाडाला हात लागत नाही.

म्हणजे मुलाला जो मार्ग सोपा वाटतोय, तो तुमच्यासाठी जास्त जोखमीचा आहे. त्याची चूक नाही. ज्याच्या औषधांत हे इंजेक्शन नाही, अशा माणसाच्या बाबतीत त्याचं म्हणणं कदाचित बरोबरही ठरलं असतं.

मग इंजेक्शन काही दिवस थांबवून दाढ काढावी का? झोलेड्रोनिक ॲसिड हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं, त्यामुळे महिना-दोन महिने थांबून फारसं काही साधत नाही. सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन असतं. ते घेणाऱ्या वाचकांनी तर स्वतःच्या मनानं एकही डोस लांबवू नये. त्याचा परिणाम ओसरला की हाडं झपाट्यानं विरळ होतात आणि मणके दबून मोडू शकतात. पुढचं इंजेक्शन कधी घ्यायचं हे हाडांच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं.

आणि दाढ आहे तशी राहू दिली तर? मुळाशी साचलेला पू स्वतःहून नाहीसा होत नाही. पुटकुळी बसते तेव्हा तेवढ्यापुरतं तिचं तोंड बंद झालेलं असतं, आत साचणं चालूच राहतं. शिवाय अशी औषधं घेणाऱ्यांच्या जबड्यात जुनाट जंतुसंसर्गामुळेही, दात न काढता, हाड उघडं पडू शकतं. त्यामुळे 'राहू दे' हाही सुरक्षित मार्ग नाही.

आता दुखत का नाही, ते सांगते. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. दाताच्या आत नसा आणि रक्तवाहिन्यांचा जो मऊ गाभा असतो, त्याला आपण सगळे 'नस' म्हणतो. वयाबरोबर तो आकसतो, त्यातले मज्जातंतू कमी होतात, रक्तपुरवठा घटतो. तरुण माणसाची नस सुजली की तो रात्रभर येरझाऱ्या घालतो. साठी-सत्तरीनंतर तीच नस पुष्कळदा गाजावाजा न करता मरते. मेलेल्या नसेला थंड-गरम कळत नाही. पू साचून दाब वाढला तर ठणकायला हवं, पण तुमच्या पुवानं हिरडीतून वाट काढलीय, म्हणून दाबच तयार होत नाही. ती पुटकुळी म्हणजे त्या वाटेचं तोंड. उतारवयातल्या दाताचं दुखणं ओरडून सांगत नाही, एवढं ध्यानात ठेवा, आणि न दुखण्यावर विसंबू नका.

यामुळेच वयस्कर माणसांत निदानालाही जास्त वेळ द्यावा लागतो. थंड लावून दात जिवंत आहे का ते बघतात, पण म्हाताऱ्या दातात नस जिवंत असूनही ती उत्तर देत नाही असं होतं. म्हणून शेजारचे आणि समोरच्या बाजूचे दातही तपासून तुलना करावी लागते. पुटकुळीच्या बाबतीत एक साधी, खात्रीची युक्ती आहे. तिच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे रूट कॅनाल भरायला वापरतात त्याच रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी हलकेच आत सरकवायची आणि एक्स-रे काढायचा. काडीचं टोक ज्या मुळाशी पोचतं, तो दात दोषी. पुटकुळी एका दातापाशी आणि आजार शेजारच्याला, असंही कधी कधी निघतं. तुमच्या तज्ज्ञांना हे करायला आवर्जून सांगा.

(तुमच्याशी संबंध नाही, पण इतर ज्येष्ठ वाचकांसाठी इथेच लिहिते. चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की राहतं, असं होत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. आणि तोंड धुताना, दात घासताना गालात विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येत असेल, तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं असू शकतं. त्या कळेपायी चांगल्या दातांचं रूट कॅनाल करून घेतलेली, दात काढून घेतलेली माणसं असतात, आणि कळ तशीच राहते.)

'नळी बंद आहे' हे ऐकून तुम्ही घाबरला असाल. जिवंत दात आयुष्यभर आतून नवा थर चढवत असतो. शिवाय कीड, झीज, जुनं सिमेंट अशा प्रत्येक त्रासाला तो आणखी थर चढवून उत्तर देतो. जुन्या पाइपात आतून थर बसत जावा आणि धार बारीक होत जावी, तसं दाताच्या आतली जागा अरुंद होत जाते. पण हे आकसणं वरून खाली होतं. दाढेच्या वरच्या भागातली पोकळी आधी भरते, मुळांच्या नळ्या खोलवर बऱ्याचदा मोकळ्या असतात. एक्स-रेवर काहीच दिसत नसलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढी वाट सापडते. म्हणजे सगळी मेहनत नळीचं तोंड शोधण्यात आहे. एकदा ते सापडलं, की पुढचं काम बरंचसं नेहमीसारखं होतं.

यासाठीच तुम्हाला तज्ज्ञाकडे पाठवलंय, आणि तसं पाठवणारे दंतवैद्य चांगले समजा. खालच्या मोठ्या दाढेत सहसा तीन नळ्या असतात, कधी चार. त्या शोधायला दातांचा सूक्ष्मदर्शक लागतो. कंपनांवर चालणाऱ्या बारीक टोकांनी कणाकणानं थर खरवडावा लागतो. नळी घासायच्या सुईसारख्या अवजाराला फाइल म्हणतात; हातातल्या सगळ्यात बारीक फाइलचं टोक 0.06 मिलिमीटर असतं. घाई केली तर दाताला भलतीकडे भोक पडू शकतं किंवा फाइलचा तुकडा आत अडकू शकतो. गरज वाटली तर सीबीसीटी नावाचा स्कॅन करतात. त्यात दात सगळ्या बाजूंनी दिसतो, नळ्या कुठे आणि किती खोल सुरू होतात ते कळतं. नळीची लांबी विजेच्या उपकरणानं मोजतात. वयाबरोबर मुळाच्या टोकावर बाहेरूनही थर चढलेला असतो, त्यामुळे नुसत्या एक्स-रेवरून ठरवलेली लांबी फसवी ठरू शकते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी हे उपकरण वापरण्याआधी तसं सांगावं.

एवढं करूनही एखादी नळी टोकापर्यंत उघडत नाही, असं होऊ शकतं. म्हणून लगेच सगळं फसलं असं नसतं; जिथपर्यंत पोचता आलं तिथपर्यंत नीट स्वच्छ करून, भरून, वर पक्कं बंद करतात आणि काही महिने नजर ठेवतात. बऱ्याचदा तेवढ्यानंही पुटकुळी जाते. नाहीच गेली तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापायची शस्त्रक्रिया असते, पण तिच्यात हाडाला हात लागतो, म्हणून तुमच्या बाबतीत तिचा विचार अगदी शेवटी. हे सगळं तज्ज्ञांनी आधी सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

नुसती नळी आकसलेली दिसते, बाकी पू नाही, पुटकुळी नाही, काही त्रास नाही, अशांना मात्र रूट कॅनालची गरज नसते. नळी आकसणं हा आजार नाही. तुमच्या दाढेला खरोखरचा संसर्ग आहे, म्हणून तुमची गोष्ट वेगळी.

वयामुळे रूट कॅनाल टिकत नाही, ही समजूत मनातून काढा. काम नीट झालं तर मुळाभोवतालचं हाड 76 व्या वर्षीही भरून येतं. थोडं सावकाश येईल, साखर वर-खाली होत असेल तर आणखी सावकाश, पण येतं. निकाल ठरतो तो नळ्या किती स्वच्छ झाल्या आणि दात वरून किती घट्ट बंद झाला यावर.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करू नका. एकही नाही, एक दिवसही नाही. स्टेंटला आठच महिने झालेत. गोळ्या थांबवल्या तर त्यात गुठळी होण्याचा धोका कोणत्याही दाताच्या दुखण्यापेक्षा मोठा आहे. रूट कॅनालमध्ये कापाकापी नसते, रक्त येतं ते नावापुरतं, तेव्हा त्यासाठी या गोळ्या थांबवायची गरज पडत नाही. कुणी थांबवायला सांगितलंच, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. स्टेंट आहे म्हणून आधी अँटिबायोटिक घ्यायचीही गरज नसते. ती ज्यांना कृत्रिम झडप आहे किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुसंसर्ग झालाय, अशा थोड्या रुग्णांसाठी. भुलीच्या इंजेक्शनात हृदयाचे ठोके वाढवणारं ॲड्रेनॅलिन थोडं असतं, त्याची हृदयरुग्णांना भीती वाटते. कमी मात्रेत, सावकाश दिलं तर ते सहसा चालतं. भूल नीट न लागून वेदना झाली, तर शरीर स्वतःच त्याहून जास्त ॲड्रेनॅलिन सोडतं. तुम्हाला स्टेंट आहे हे खुर्चीत बसण्याआधी सांगा म्हणजे झालं.

तासन्‌तास तोंड उघडून बसण्याबद्दल मुलाला वाटणारी काळजी खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. एकच लांब बैठक नको, दोन-तीन छोट्या मागा. सकाळची वेळ घ्या, आणि खाऊन, मधुमेहाची औषधं नेहमीसारखी घेऊन जा. दात दाखवायचा म्हणून उपाशीपोटी गेलेल्या मधुमेही माणसाला खुर्चीत घाम सुटतो, गरगरतं. दोन दाढांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा मिळतो. त्यावर जबडा टेकवला की तोंड उघडं धरायचे श्रम वाचतात. मान आखडत असेल तर मानेखाली उशी आणि खुर्ची थोडी उंच ठेवायला सांगा. हात वर केला की थांबायचं, असं सुरुवातीलाच ठरवून घ्या. ऐकू कमी येत असेल तर हे फार उपयोगी पडतं. काम संपल्यावर ताडकन उठू नका. दोन मिनिटं बसा, मग पाय खाली सोडा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठल्यावर तोल जातो, आणि तुमच्या हाडांना पडणं परवडणारं नाही.

दातावर रबराचा पातळ पडदा ताणून लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. गुदमरल्यासारखं वाटेल म्हणून काही जण नको म्हणतात. तुम्ही तो लावा असा आग्रह धरा. नळ्या धुण्याचं औषध झोंबरं असतं, अवजारं सुईएवढी असतात, आणि वयाबरोबर गिळण्यावरचा ताबा थोडा सैलावतो. पडद्यामुळे यातलं काही घशात जात नाही आणि थुंकीतले जंतू दातात उतरत नाहीत. नाकानं श्वास घेता येतो, त्याची एकदा सवय करून बघितली की भीती जाते.

नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हे बरं होईल का, असंही मनात येईल. नाही होणार. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध तरी कसं पोचेल? आणि नंतर दोन-तीन दिवस ठणका लागलाच तर घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या तुमच्या दोन गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव करू शकतात, मूत्रपिंडालाही जड जातात. पॅरासिटॅमॉल बरं, तेही किती आणि कधी ते विचारून.

दातातून विष पसरण्याचा निरोप पुसून टाका. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 1910 मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी दातांतल्या संसर्गावर नाना आजारांचं खापर फोडलं, आणि पुढची काही दशकं अनेकांचे दात सरसकट उपटले गेले. आजार मात्र तसेच राहिले. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत ती समजूत टिकली नाही. तुमच्या दाढेत आज जो संसर्ग आहे, तो काढून टाकण्यासाठीच तर रूट कॅनाल करायचं आहे.

दाढ काढणंच योग्य ठरेल अशा परिस्थितीही आहेत. मुळाला उभी चीर गेली असेल तर रूट कॅनालचा उपयोग नाही. कीड हाडाच्या पातळीखाली गेली असेल किंवा दात खूप हलत असेल, तरी नाही. चीर एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही. हिरडीत एकाच जागी बारीक, खोल फट लागते किंवा जुनं सिमेंट काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळते. म्हणून तज्ज्ञांना म्हणा, आधी हे बघा, मग पुढचं ठरवू. काढायचीच वेळ आली तर घाबरून जाऊ नका. इंजेक्शनाची माहिती असलेल्या दंतशल्यचिकित्सकाकडून, कमीत कमी जखम करून ती काढता येते, आणि बहुतेक रुग्णांची जखम नीट भरते.

रूट कॅनालनंतर कॅप टाळू नका. पैसे किंवा फेऱ्या वाचवायला अनेक जण तिथे थांबतात आणि वर्ष-दोन वर्षांत दाढ दुभंगते. कीड, जुनं सिमेंट आणि आता पाडलेली वाट यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंतींना चावण्याचा जोर एकट्यानं पेलत नाही. पुटकुळी काही आठवड्यांत जायला हवी. एक्स-रे मात्र वर्षानं पुन्हा काढा. मुळाजवळचं हाड पूर्ण भरायला कधी कधी चार वर्षंही लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी थोडा डाग उरलेला दिसला तरी तो लहान होतोय ना, एवढंच बघायचं. कोणत्याही औषधामुळे तोंड कोरडं पडत असेल तर तेही सांगा. लाळ कमी झाली की हिरडी सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते, आणि ती कॅपच्या कडेखालून शिरते. अशांना नेहमीपेक्षा जास्त फ्लोराइडची, 5000 पीपीएमची पेस्ट डॉक्टर लिहून देतात.

आणि राहिलेल्या वर्षांचं. काकू, तुमचं सगळं चावणं त्या एका बाजूवर चाललंय. ती दाढ गेली तर रोजचं जेवण बदलेल, मऊ-मऊ खाणं सुरू होईल, आणि मधुमेहात तसल्या खाण्यानं साखर सांभाळणं अवघड होतं. वर्षं किती ते कुणालाच ठाऊक नाही. पण पुढच्या महिन्यापासून जेवायचं आहेच. आज तुम्ही स्वतः खुर्चीत बसू शकता, प्रश्न विचारू शकता, निर्णय घेऊ शकता. आजारपणात किंवा अंथरुणावर असताना हाच पू उसळला, तर हे सगळं दुप्पट कठीण होईल.

तज्ज्ञांकडे जाताना मुलाला बरोबर न्या आणि हे उत्तर त्याला आधी वाचायला द्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, हाडांच्या इंजेक्शनाचं नाव, शेवटचं कधी झालं ती तारीख, अलीकडचा साखरेचा अहवाल आणि हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर एका पिशवीत ठेवा. वेळ मिळेपर्यंत पुटकुळी दाबून फोडू नका, नेहमीसारखे मऊ ब्रशनं दात घासा. या काळात गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर मात्र दिलेल्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जायचं.